मांडवातलं अर्थिंग

आमच्या घरात गिटार कोणालाच वाजवता येत नाही. गिटारचे ॲम्प्लिफायर मात्र तीन आहेत, आणि चौथा फ्रीजवर अर्धा उघडा पडलाय.

चारही माझेच उद्योग. त्यातही साधे नाहीत, व्हॉल्व्हचे. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या. बटण दाबलं की त्या लगेच काही करत नाहीत. आधी तापतात, मग नारिंगी उजळतात, आणि मग त्यांना वाटलं तर आवाज देतात. आता याहून हलकी, छोटी, शहाणी यंत्रं मिळतात. पण गिटारवाले म्हणतात, व्हॉल्व्हचा आवाज उबदार असतो. (असतोच. त्यावर पापड भाजता येतो. मम्मीने भाजलाय.)

हा नाद लागायचं कारण एकदम सोपं आहे. मला माणसांशी बोलायला जमत नाही, आणि सोल्डरिंग करत बसलेल्या मुलीशी बोलायला कोणी येत नाही. हातात तापलेली सळई, नाकासमोर धूर आणि टेबलावर माझ्याच अक्षरातली पाटी: 'हात लावू नका, तीनशे व्होल्ट!' ती पाटी बघून आमच्या शेजारपाजारच्या आंटीसुद्धा 'मग, पुढे काय ठरवलंय?' हा प्रश्न तोंडातच ठेवून परत जातात. तीनशे व्होल्टांचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

आम्ही कांदिवलीच्या गावठाणात राहतो. चारी बाजूंनी टॉवर आणि मधे आमची बसकी घरं, एक क्रूस, एक विहीर आणि एकमेकांचं सगळं माहीत असलेली माणसं. आम्ही इथलेच, कॅथलिक, घरात आमची स्वतःची मराठी बोलणारे. शाळा मात्र इंग्रजी. शाळेतल्या बाईंना माझी मराठी मराठी वाटायची नाही आणि घरच्यांना माझी इंग्रजी जरा जास्तच इंग्रजी वाटायची. त्यामुळे मी दोन्हीकडे गप्प बसायला शिकले. लग्नाकार्यात तर मी थेट कूलरच्या मागे उभी राहते. तिथे हवा येत नाही, पण माणसंही येत नाहीत.

तर माझ्या भावाचं, ॲल्विनचं, लग्न ठरलं. मुलगी वाकोल्याची. हॉल ठरला, केटरर ठरला, सूट शिवायला गेला. आणि मग ॲल्विन म्हणाला, "मला बाकी काही नको. आदल्या संध्याकाळी मांडवात पास्कल मामाने गिटार वाजवली पाहिजे."

पास्कल मामा म्हणजे मम्मीचा मोठा भाऊ. तरुणपणी लग्नांच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. अंधेरीपासून वसईपर्यंत त्याच्या गिटारशिवाय मांडव उठायचा नाही म्हणतात. (म्हणणारा मुख्यतः मामाच.) ॲल्विन लहानपणी मामाच्या बुटांवर उभा राहून नाचायला शिकला. पण पुढे मामाचा व्हॉल्व्हचा ॲम्प जळाला, त्या जागी कोणीतरी त्याला नव्या पद्धतीचा आणून दिला, आणि मामाने एकदा वाजवून गिटार पेटीत घातली ती घातलीच. "त्या डब्यातून गिटार ऐकू येत नाही रे," तो म्हणायचा, "लिफ्टचं दार उघडं राहिल्यासारखं ऐकू येतं."

ॲल्विन विचारायला गेला तेव्हा मामा पहिल्यांदा नाहीच म्हणाला. मग त्याची नजर ॲल्विनच्या मागे दाराआड उभ्या असलेल्या माझ्याकडे गेली.

"ए जेनू! तू ते काचेचं बनवतेस ना?"

मी मान हलवली.

"मग बनव. तू बनवलास तर वाजवतो. नाहीतर डीजे बोलवा आणि मला फक्त जेवायला बोलवा."

ॲल्विनने माझ्याकडे असं बघितलं की जणू त्याचं लग्न वाकोल्याच्या मुलीशी नसून माझ्या होकाराशीच आहे! मी हो म्हटलं. पण एक अट घातली.

"मी बनवला हे कोणाला सांगायचं नाही. स्टेजवरून माझं नाव घ्यायचं नाही. थँक यू नाही, टाळ्या नाहीत, 'आमची भाची' नाही."

मामाने छातीवर हात ठेवला. "तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. क्रूसाची शप्पथ!"

मामा शब्दाचा किती पक्का आहे, हे मला तेव्हा नीट माहीत असतं तर मी अट जरा वेगळ्या शब्दांत घातली असती.

कामाला लागले. ॲम्पला एक धातूची पेटी लागते. वर व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर बसतात, खाली पोटात वायरी. ॲल्युमिनियम उत्तम. विकत घ्यायला जाणार तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या माळ्यावर मला एक जाड, खोलगट, सरळ कडांचा ॲल्युमिनियमचा ट्रे दिसला. उलटा केला तर अगदी मापाचा! इतकी वर्षं तो कोणी वापरताना मी पाहिलं नव्हतं. (मी स्वयंपाकघरात किती वेळा जाते, हा मुद्दा मम्मीने नंतर उपस्थित केला.) मी त्याला भोकं पाडली, घासला, काळा रंग दिला. झकास पेटी झाली.

पंधरवड्याने मम्मी माळ्यावर चढली.

"जेनू, माझा केकचा ट्रे बघितलास?"

"कुठला?"

"अगं आईचा! नाताळचा! त्याच्यात ॲल्विनच्या लग्नाचा केक करायचाय."

मी काही बोलले नाही. पण गप्प बसण्याचेही प्रकार असतात आणि मम्मीला माझे सगळे माहीत आहेत. ती खाली उतरली, सरळ माझ्या टेबलाशी आली, पाटीकडे ढुंकूनही न बघता ॲम्प उचलून उलटा केला आणि आत बघत राहिली.

"ह्याला भोकं कोणी पाडली?"

"ती व्हॉल्व्ह बसवायला लागतात."

"आणि केक?"

"केकला व्हॉल्व्ह लागत नाहीत, मम्मी."

हे मी तिला समजावण्यासाठी म्हटलं होतं. ते उद्धटपणे म्हटलं असं तिने नंतर फोनवर तिच्या दोन बहिणींना आणि समोर उभ्या असलेल्या कोळणीला सांगितलं. शेवटी पप्पांनी मध्यस्थी केली. पप्पा बँकेतून रिटायर झालेले. विजेतलं त्यांना काही कळत नाही, पण मत दांडगं. ते म्हणाले, "असू दे. केक काय, एका दिवसात संपतो. हे टिकेल." मग थोडा विचार करून मला म्हणाले, "टिकेल ना?"

पुढचा त्रास होता मामाचा. ॲम्प तयार झाला, मामा रोज संध्याकाळी गिटार घेऊन यायला लागला आणि रोज त्यात बदल सांगायला लागला. आता गिटारवाले आवाजाचं वर्णन आपापल्या परीने करतात, पण मामाला फक्त जेवणातले शब्द येतात.

"बाय, हा आवाज पेजेसारखा झालाय. जरा दाट कर."

मी एक कपॅसिटर बदलला.

"आता पुडिंग झालं! चमचा उभा राहील. मला कसा पाहिजे सांगू? आपल्या पोर्कच्या इंद्यालसारखा. पहिल्या घासाला गोड, आणि मग कानामागून घाम!"

इंद्यालसाठी कुठला रेझिस्टर लागतो, हे कुठल्याही पुस्तकात नाही. मी अंदाजाने एक काढला, दुसरा लावला. मामाने वाजवलं, डोळे मिटले.

"व्हिनेगर कमी आहे."

असं आठवडाभर चाललं. मी व्हॉल्व्ह बदलले, स्पीकर बदलला, एकदा तर रागाने काहीच न बदलता 'बदललं' म्हणून सांगितलं. (तेव्हा मामा म्हणाला, "हे जास्तच बिघडवलंस.") शेवटी एक दिवस मम्मीला लादी पुसायची होती म्हणून तिने मामाची खुर्ची उचलून ॲम्पच्या दुसऱ्या बाजूला ठेवली. मामा तिथे बसला, एक तार छेडली, आणि एकदम ताठ झाला.

"अरे! हाच! हाच तो! जेनू, काय केलंस गं?"

मी काहीच केलं नव्हतं. फक्त इतके दिवस ॲम्प मामाच्या डाव्या बाजूला होता आणि आता उजव्या बाजूला आला होता. मामाला डाव्या कानाने ऐकू येत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मामा सोडून!

पण त्यानंतर त्याने जे वाजवलं, त्याबद्दल मी गंमत करणार नाही. मम्मी हातात ओलं फडकं घेऊन दारातच उभी राहिली. पप्पांनी टीव्हीचा आवाज बंद केला, जे ते बातम्यांच्या वेळी कोणासाठीच करत नाहीत. ॲल्विन ऑफिसातून आला तो बूट न काढता बसला. त्या काळ्या रंगवलेल्या केकच्या ट्रेमधून खरंच काहीतरी उबदार बाहेर येत होतं. मला वाटलं, आता फक्त मांडवात असाच वाजू दे. बाकी मला काही नको. मी कूलरच्या मागे उभी राहून ऐकेन.

लग्नाची आदली संध्याकाळ उजाडली. (संध्याकाळ उजाडत नाही, हे मला माहीत आहे. पण आमच्याकडे त्या दिवशी सगळे दुपारी झोपून उठले होते.) आमच्यात त्या संध्याकाळी उंबराचं पाणी आणतात. घरच्या बायका लुगडी नेसून, बँडच्या तालावर नाचत विहिरीवर जातात आणि हंडा भरून आणतात. त्याच पाण्याने दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्या मुलाची अंघोळ होते, आणि मग तो चर्चला जातो. आमच्याकडे हंड्याचा मान पप्पांच्या मोठ्या बहिणीचा, रोझी आत्याचा. हंडा आत्याच्या डोक्यावर आणि आत्यावर छत्री. पाऊस जानेवारीत नसतो, पण छत्री असते. आत्या हंडा घेऊन आली, झेंडूच्या माळा घातलेला आणि वर आंब्याची पानं लावलेला तो हंडा तिने मांडवात स्टेजच्या शेजारी ठेवला, आणि गुडघे धरत फुगे, म्हणजे आमचे मैद्याचे गोल वडे, तळणाऱ्या बायकांकडे जाऊन बसली. बँडवाल्यांनी बूट काढले आणि ताटं हातात घेतली. आता मामाची पाळी होती.

मी आधीच सगळं जोडून ठेवलं होतं. ॲम्प चालू करून कूलरच्या मागे जाऊन उभी राहिले, म्हणजे व्हॉल्व्ह तापतील तोवर फादर आशीर्वाद देऊन मोकळे होतील. फादर म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू. उंच, शांत आणि प्रत्येक वाक्यानंतर बराच वेळ थांबणारे.

"हे प्रभू," फादर म्हणाले आणि थांबले.

ॲम्प म्हणाला, "घूंऽऽऽ."

घरी हा आवाज एकदाही आला नव्हता!

"ह्या घरात उद्या नवीन सून येत आहे." फादर थांबले.

"घूंऽऽऽ…" आणि त्या घूंमधून खरखरत, गुरगुरत एक माणूस बोलायला लागला. स्वच्छ, सरकारी मराठीत. मालाडच्या खाडीकडे रेडिओचे उंच खांब आहेत. तिथून निघालेला शेतकऱ्यांचा कार्यक्रम, वाटेतले सगळे टॉवर चुकवून, थेट मम्मीच्या केकच्या ट्रेमध्ये उतरला होता!

"ह्या तरुण जोडप्याचं," फादरनी आवाज चढवला, "सदैव रक्षण कर…"

"…तुडतुडे, मावा व फुलकिड्यांपासून," ॲम्प म्हणाला.

"आमेन!" मागच्या रांगेतून कोणीतरी मनापासून म्हणालं.

फादरनी डोळे मिटून घेतले. ते प्रार्थना करत होते की हसू दाबत होते, हे मी अजून कोणाला विचारलेलं नाही. त्यांनी पटकन क्रूसाची खूण केली आणि खाली उतरले. मामा गिटार घेऊन स्टेजवर चढला, खुर्ची घरच्यासारखीच, ॲम्प उजवीकडे येईल अशी लावली, एक तार छेडली. त्या तारेच्या मागून भेंडीवर फवारणी कधी करावी ते ऐकू आलं. मामाने मान वर केली. मांडवभर बघितलं. मी कूलरमागे आणखी बारीक झाले. मामाला मला हाक मारायची होती, पण त्याने क्रूसाची शप्पथ घेतली होती, आणि मी आधीच सांगितलंय, तो शब्दाचा पक्का आहे. त्याने माइक तोंडाशी धरला.

"जिचं नाव घ्यायचं नाही, ती मुलगी जिथे असेल तिथून इकडे ये!"

सगळा मांडव वळला. कोणाला काही सांगायची गरजच पडली नाही. गावठाणात नाव घ्यायची बंदी असावी इतकी लाजणारी मुलगी एकच आहे. कूलरसमोरची माणसं बाजूला झाली. कोणीतरी मदत म्हणून कूलर हलवला!

मी खाली मान घालून स्टेजच्या कडेला गेले आणि मागून वायर बघितली. आणि तिथेच सगळा घोळ कळला. घरी माझ्या टेबलाला तीन पिनांचा सॉकेट आहे. तिसरी, जाड पिन म्हणजे अर्थिंग. नको ती घूंघूं आणि हवेतला असला आगंतुक रेडिओ तिच्यामुळे गपचूप जमिनीत जातो. मांडववाल्याने जो बोर्ड आणला होता त्यात तिसरं भोक होतं, पण त्या भोकाच्या मागे वायरच नव्हती. नुसतं शोभेचं भोक! आणि मी, जी तीन-तीन वेळा सगळं तपासते ती, तपासायला पुढे आले नव्हते. कारण बोर्डाजवळ चार काका उभे होते आणि त्यांना 'जरा बाजूला व्हा' म्हणावं लागलं असतं.

पेटीला टेस्टर लावून बघितला, तो अगदी मिणमिणत होता, म्हणजे मोठा झटका बसणार नव्हता. मग मी ॲम्पच्या पेटीला बोट लावलं, आणि घूंघूं एकदम अर्ध्यावर आली! मी चपला काढून मातीत उभी होते, म्हणजे तेवढ्यापुरतं ॲम्पचं अर्थिंग मीच झाले होते. (हे घरी करून बघू नका. मीही परत करणार नाही.)

"हात काढू नकोस!" मामा ओरडला. "तशीच उभी राहा. मी दोन तास वाजवतो."

"मामा!"

"काय झालं? छान दिसतेस!"

सगळं गावठाण समोर, आणि मी स्टेजच्या कडेला एका काळ्या डब्याला बोट लावून पुतळ्यासारखी उभी! मी बोट काढलं. फवारणी पुन्हा सुरू झाली. ॲल्विन धावत आला. त्याच्या चेहऱ्यावर हळद होती, डोळ्यांत पाणी होतं, आणि कोपऱ्यात, हाताशी असावा म्हणून बोलावलेला डीजेवाला मुलगा आशेने पेटी उघडून बसला होता.

"जेनू, वाट लागली ना? सांग ना, वाट लागली ना?"

"पहार आण," मी म्हटलं. "लोखंडी. आणि मीठ."

माझ्या आयुष्यात मी इतक्या लोकांसमोर इतक्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. बहुतेक म्हणूनच कोणी उलटून विचारलं नाही. मांडववाल्याची पहार आली, ॲल्विनने ती स्टेजच्या कडेला मातीत घणाने ठोकली. मी बोर्ड बंद करून ॲम्पच्या पेटीपासून पहारेपर्यंत जाड वायर बांधली. मम्मी मिठाची पिशवी घेऊन आली आणि म्हणाली, "आता ह्याला मीठ कशाला? ह्याचा केक तर होणार नाही." पहारेच्या भोवती मीठ टाकलं, म्हणजे मातीतून वीज नीट जाते. बोर्ड परत चालू केला. व्हॉल्व्ह तापले. घूंघूं तशीच. रेडिओवाल्याने आता शेळीपालन काढलं होतं.

"माती कोरडी आहे," मी म्हटलं. "पाणी पाहिजे. पुष्कळ पाणी. पप्पा, पाणी घाला!"

आणि मी पुन्हा वायर तपासायला खाली वाकले. पप्पांना एखादं काम स्पष्ट सांगितलं की ते बँकेतल्यासारखं तत्परतेने करतात. त्यांनी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. अगदी हाताशी भरलेला हंडा होता. त्यांनी झेंडूच्या माळा व्यवस्थित बाजूला केल्या, आंब्याची पानं काढून खिशात ठेवली आणि सगळा हंडा पहारेवर रिकामा केला.

"…शेळीच्या गाभण काळात तिला…" इथे ॲम्प थांबला.

घूं थांबली. खरखर थांबली. मांडवात इतकी शांतता झाली की कढईतला फुगा तळला जाताना ऐकू आला. मी आनंदाने वर बघितलं. सगळे माझ्याकडे बघत होते, पण आनंदाने नाही.

"अरे माझ्या देवा," रोझी आत्या म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. तेच जास्त भयंकर होतं. "उंबराचं पाणी."

पप्पांनी हातातल्या हंड्याकडे बघितलं. मग खिशातल्या पानांकडे.

"मला वाटलं, झाकण आहे."

"झाकण? झेंडूची माळ घातलेलं झाकण? अरे, तुझ्या पोराची उद्या अंघोळ कशाने करू? खाऱ्या चिखलाने?"

"मी बिसलेरी…" ॲल्विनने सुरुवात केली.

"तू गप्प बस. तू नवरा आहेस."

आत्या पप्पांवर, पप्पा मांडववाल्यावर, मम्मी ट्रेवरून माझ्यावर, असे सगळे तुटून पडले. आणि तेवढ्यात, त्या सगळ्या भांडणाच्या वरून, मामाची पहिली तार वाजली.

मी शपथेवर सांगते, इंद्यालच! पहिल्या घासाला गोड. ती तार मांडवातून अशी फिरली की भांडणाचं अर्धं वाक्य अर्धंच राहिलं. ॲल्विन मातीने भरलेल्या हातांनीच उठला आणि नाचायला लागला. मामाने खुर्ची सरकवली, उभा राहिला, आणि जो माणूस इतकी वर्षं पेटी उघडत नव्हता तो आता थांबायला तयार होईना. म्हातारे काका नाचले. डीजेवाल्याने पेटी मिटली आणि तोही नाचला. फादर पायाने ताल धरून बसले होते. रोझी आत्या पप्पांकडे रागाने बघतच नाचत होती. तोंड एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला! मधूनच घूं परत डोकावली की पप्पा न सांगता तांब्याभर पाणी पहारेवर घालत होते. आणि मी? मी स्टेजच्या कडेला, वायर सांभाळत, सगळ्यांच्या समोर बसले होते आणि मला ते चक्क विसरायला झालं होतं.

पण आत्या विसरली नव्हती. मामा पाणी प्यायला थांबला तशी ती स्टेजवर चढली.

"आता पाणी परत आणायचं. माझे गुडघे दुसऱ्यांदा विहिरीपर्यंत जाणार नाहीत. ज्याने सांडलं तो आणेल!"

"मला पाठीचं आहे," पप्पा चटकन म्हणाले. "आणि मला पाणी घालायला सांगितलं कोणी?"

सगळी बोटं माझ्याकडे.

"तुझ्या काचांना पाणी लागलं ना? मग आण पाणी," आत्या म्हणाली. "मान आहे हा! लाजू नकोस."

पाच मिनिटांत मला कोणाचं तरी लुगडं नेसवलं. बँडवाल्यांनी अर्धी ताटं ठेवून बूट घातले. मामाचा ॲम्प पहारेला बांधलेला, म्हणून तो मांडवातूनच वाजवत होता आणि पुढे निघालेला बँड वेगळंच काहीतरी वाजवत होता, आणि या दोन गाण्यांच्या मधून मी गावठाणातून चालले. येताना डोक्यावर काठोकाठ भरलेला हंडा, त्यावर छत्री, मागे नाचणारी निम्मी कांदिवली, टॉवरांच्या गॅलऱ्यांतून मोबाइल धरलेली उरलेली कांदिवली. लहान मुलं ओरडत होती, "जिचं नाव घ्यायचं नाही ती आली!" मी एकदाही हसले नाही, एकदाही इकडेतिकडे बघितलं नाही. सरळ समोर बघत, एकेक पाऊल टाकत, थेंबही न सांडता हंडा घरी आणला. ॲल्विनची अंघोळ झाली, लग्न झालं, आणि केक वाकोल्याच्या बेकरीतून आला.

लग्नानंतर मला वाटलं होतं, आता ॲम्पची मागणी येणार. मामा तर भेटेल त्याला माझं नाव न घेता माझं कौतुक सांगत होता. आणि खरंच फोन आले! जोगेश्वरीहून आला, वाकोल्याहून आला, शेजारच्या गल्लीतून तर बाई स्वतः आल्या. सगळ्यांच्या घरी लग्न होतं.

ॲम्प एकालाही नको होता.

"तुमची मुलगी हंडा काय घेऊन चालते हो!" त्या बाई मम्मीला म्हणाल्या. "हल्लीच्या मुली सारख्या कॅमेऱ्यात बघून खिदळतात. ही किती गंभीर! किती श्रद्धा चेहऱ्यावर! आमच्याकडे पाणी आणायला पाठवाल का?"

मम्मीने मला न विचारता हो सांगून टाकलंय. तिला मी सांगून थकले की त्यात श्रद्धाबिद्धा काही नव्हती. मला तोंड लपवायचं होतं. पण तोंड लपवायला निदान एक हात तरी मोकळा लागतो, आणि माझे दोन्ही हंड्याला होते.